हजेरीपटातला ‘ऊ’

तुमच्या आईने परवा फोनवर सांगितलं, की तुमच्या शाळेत शिक्षणातल्या नव्या प्रयोगांवर मोठी परिषद भरली, देशोदेशीचे शिक्षक आले आणि तुम्हाला दोन दिवस सुट्टी मिळाली. सुट्टीचा आनंद मी समजू शकते. पण परिषद म्हटल्यावर मी कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यातून एक पाकीट काढलं. त्यात माझ्या नावाचा प्लास्टिकचा बिल्ला आहे आणि इंग्रजीत टाइप केलेला सहा पानांचा निबंध. त्यातल्या पाच पानांना एकही घडी नाही. चौथ्या पानाला मात्र चार आहेत. त्या घड्या कशा पडल्या, ते तुम्हाला लिहून ठेवते. शेवट चांगला आहे हे आधीच सांगते, म्हणजे वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको. माझा लागला होता तेवढा पुरे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याला अध्यापक विद्यालयात शिकवत होते, म्हणजे पुढे प्राथमिक शिक्षक होणाऱ्या मुलामुलींना. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, त्यामुळे इंग्रजीत आलेला कुठलाही कागद फिरून फिरून माझ्याच टेबलावर येई. विद्यार्थ्यांचे सराव पाठ बघायला मला खेड्यांतल्या शाळांमध्ये जावं लागे. असंच एकदा मी पिंपळनेरच्या पुढे एका छोट्या गावी गेले. शाळेला एकच खोली आणि एकच शिक्षक. त्यांना सगळे भाऊ म्हणत, मीही तेच म्हणू लागले.

पाठ संपल्यावर मी सवयीने हजेरीपट उघडला. अर्ध्या नावांपुढे दिवसामागून दिवस एकच अक्षर लिहिलं होतं, ‘ऊ’. आणि त्या ओळींच्या सुरुवातीला बारीक अक्षरात एकेक आकडा.

“भाऊ, हे काय आहे?”

“ऊस, ताई.”

“हजर असेल तर रेघ, नसेल तर शून्य. तिसरी खूण हजेरीपटात नसते.”

“शून्य म्हणजे पोरगं शाळा सोडून बोरं खात हिंडतंय. ही पोरं आईबापांबरोबर गुजरातेत ऊस तोडायला गेलीत.” मग ते त्यांच्या घरच्या बोलीत म्हणाले, “पोऱ्या गैरहजर नही, ताई. तो उसमा शे.”

दिवाळी झाली की त्या भागातली कुटुंबं मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून निघत आणि चैत्रात परत येत. तेवढे दिवस सलग शून्य पडलं, की नियमाप्रमाणे मुलाचं नाव पटावरून कमी होई. परत आल्यावर पुन्हा अर्ज, पुन्हा दाखला. आईबाप त्या कटकटीला घाबरत आणि मूल कायमचं घरी राही. भाऊंनी नावं कमी करणं सोडून दिलं होतं. निघायच्या दिवशी ते प्रत्येक मुलाला पुस्तक उघडायला लावत आणि तो कुठल्या पानापर्यंत आला आहे ते हजेरीपटात टिपत. तोच तो बारीक आकडा. चैत्रात मूल आलं की हजेरीपट बघून त्याच पानापासून पुढे शिकवायचं. त्यासाठी भाऊंची उन्हाळी सुट्टी शाळेमागच्या चिंचेखाली जाई.

“हे तुम्हाला सुचलं कसं?” मी विचारलं.

“माझं नाव एकदा कमी झालं होतं ना. आमच्या बौद्धवाड्यातून शाळेत जाणारा मी पहिला. आईबरोबर कापूस वेचायला चोपड्याकडे गेलो आणि आलो तर नाव नाही. दोन वर्षं गेली त्यात.” एवढं सांगून ते चहाचं बघायला उठले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं पत्र आलं. विषय शिक्षणातले नवे प्रयोग. मी भाऊंचं काम इंग्रजीत लिहून काढलं, वर त्यांचं नाव, खाली माझं, आणि पाठवून दिलं. निबंध स्वीकारला गेला. आम्ही दोघांनी जायचं ठरलं.

आणि मग तपासणी आली. तपासणीला आलेल्यांनी ‘ऊ’ बघितला आणि अहवालात लिहिलं, की शिक्षकाने पट फुगवला आहे, नसलेली मुलं दाखवली आहेत. हजेरीपट जप्त झाला. चौकशी संपेपर्यंत भाऊंनी गाव सोडायचं नाही, असा हुकूम आला. चौकशीत दोष ठरला तर नोकरी जाणार होती. पण मी भेटायला गेले तेव्हा भाऊ नोकरीचं बोललेच नाहीत.

“ताई, दीड महिन्यात पोरं येतील. पानं त्या हजेरीपटात आहेत. नावंही त्यातच. तो आला नाही तर बठ्ठं गयं.”

सगळं गेलं, असं ते म्हणत होते. नमुना म्हणून निबंधाला जोडायला त्यांनी हजेरीपटाच्या एका पानाची नक्कल आठवणीतून काढून दिली. आठवणीत तेवढंच होतं. “हे सगळं तिथे वाचल्याशिवाय येऊ नका,” म्हणाले. मी हो म्हटलं.

दिल्लीची गाडी जळगावहून होती, म्हणून आदल्या दिवशी मी नणंदेकडे उतरले. तिने केळीच्या वेफर्सचे पाच पुडे, कळण्याच्या भाकरी आणि डबाभर भरीत बांधून दिलं.

“अगं, परिषदेत जेवण असतं,” मी म्हटलं.

“असू दे. त्यांना आधी भरीत खाऊ घाल, वहिनी. मग तुझं इंग्रजी गोड लागेल.”

जळगावच्या फलाटावर साहेब भेटले. आमच्या शिक्षण खात्यातले हे वरिष्ठ अधिकारी त्याच परिषदेला निघाले होते. निबंधाची प्रत नियमाप्रमाणे त्यांच्याकडे गेलेली होती.

“या बाई. इंग्रजी झकास आहे तुमचं. फक्त ते चौथं पान गाळा.”

“साहेब, ‘ऊ’ आणि पानांचे आकडे, सगळं काम त्या पानावरच आहे.”

“आणि त्याची चौकशी माझ्या टेबलावर आहे. तिथे कोणी विचारलं, की तुमच्याकडे मास्तर हजेरीपटात वाटेल ते लिहितात का, तर मी काय सांगू? पाच पानं पुष्कळ झाली.” मग जरा मऊ होऊन म्हणाले, “तुमच्या भल्याचंच सांगतोय.”

मी तोपर्यंत वरिष्ठांचा शब्द कधी मोडला नव्हता. हे मी काही अभिमानाने सांगत नाही. माझी फाइल नेहमी वेळेवर जाई, माझ्या वर्गाच्या खिडक्या मी स्वतः बंद करून निघे आणि सांगितलेलं काम सांगितलं तसंच करी. गाडी भुसावळच्या पुढे गेल्यावर मी टाचणी काढली, चौथं पान वेगळं केलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. ते पर्समध्ये मावेना, म्हणून आणखी एक घडी घातली. अशा चार झाल्या. भरीत मला त्या प्रवासात काही गोड लागलं नाही.

परिषदेत कानाला लावायची यंत्रं होती, पाच भाषांतून भाषांतर येई. एका देशाच्या गृहस्थांनी पडद्यावर चित्रं दाखवली, प्रत्येक मुलापुढे स्वतंत्र संगणक. दुसऱ्या एकांनी उपग्रहावरून धडे पाठवायची योजना सांगितली. मी मन लावून ऐकलं आणि टिपणंही घेतली, ती अजून आहेत. पण सारखं मनात येत होतं, की माझ्या भाषणात आता राहिलं काय? ऊस आहे, मुलं आहेत, चिंच आहे. मुलं परत आल्यावर काय होतं, तेच नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधीची शेवटची पाळी माझी होती. साहेब तिसऱ्या रांगेत, कोटाचं बटण उघडं ठेवून आरामात बसले होते. मी पहिली तीन पानं वाचली आणि पाचवं समोर घेतलं. पाचव्या पानाचं पहिलं वाक्य होतं, “अशा रीतीने मूल आपल्या पानावर परत येतं.” ते वाचताना माझं मलाच कळलं, की ऐकणाऱ्याला कुठलं पान ते समजणार नाही. पण मी तशीच शेवटपर्यंत गेले. टाळ्या पडल्या, भूक लागलेल्या लोकांच्या.

तेवढ्यात मागच्या बाजूने एक बाई उठल्या. त्या केनियाच्या होत्या. त्यांच्याकडची माणसं गुरं घेऊन पाण्याच्या शोधात महिनोन्‌महिने दूर जातात, मुलंही जातात, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, “तुमच्या शिक्षकाला कसं कळतं, कुठलं मूल कुठे थांबलं होतं? आम्ही तिथेच अडलो आहोत.”

मी माईकसमोर उभी होते. उत्तर माझ्या पर्समध्ये होतं आणि पर्स खुर्चीवर. “एक मिनिट,” असं म्हणून मी खाली गेले, पर्स उघडली, ते पान काढलं, उलगडलं आणि परत वर आले. साहेबांकडे मी बघितलं नाही. चौथं पान पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. भाऊंनी काढलेली नक्कल दाखवली, ‘ऊ’ म्हणजे काय ते सांगितलं. आणि शेवटी कागदावर नसलेलं एक वाक्य बोलले. “ही खूण नियमात नाही. ती त्या शिक्षकाने स्वतःच्या जबाबदारीवर सुरू केली आहे.”

केनियाच्या बाई वहीत काहीतरी भराभरा लिहीत होत्या. अध्यक्षांनी चष्मा काढला. “फार साधं आणि फार चांगलं,” ते म्हणाले. “पण खात्याचं यावर काय म्हणणं आहे?”

मी काही बोलायच्या आत संयोजकांपैकी कोणीतरी म्हणालं, की खात्याचे अधिकारी इथेच बसले आहेत. सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. साहेब उठले. त्यांनी आधी कोटाचं बटण लावलं. त्या बटणाला किती वेळ लागला म्हणून सांगू. मी मनात भाऊंची माफी मागून घेतली.

“आमचं खातं,” साहेब इंग्रजीत म्हणाले, “या उपक्रमाकडे प्रयोग म्हणून बारकाईने लक्ष देत आहे.”

पुन्हा टाळ्या पडल्या, आणि या वेळच्या भुकेच्या नव्हत्या.

बाळांनो, मी माईकचा दांडा धरून ते वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं. लक्ष देत आहे, यात खोटं काहीच नव्हतं. हजेरीपट खरोखरच त्यांच्या कपाटात होता.

जेवणाच्या वेळी परदेशी पाहुणे साहेबांभोवती जमले. कोणी फोटो काढले. साहेब कागदी रुमालावर ‘ऊ’ काढून दाखवत होते, आणि चांगला काढत होते. मी केनियाच्या बाईंना वेफर्स दिले. त्यांनी एक पुडा संपवला आणि दुसरा न विचारता घेतला. मी दोन गुलाबजाम खाल्ले.

परतीच्या गाडीत साहेब माझ्या डब्यात आले आणि समोर बसले.

“चौथं पान गाळा म्हटलं होतं.”

“गाळलं होतं, साहेब. पण प्रश्न आला.”

“हं.” त्यांनी वेफर्सच्या पुड्यात हात घातला. “त्या मास्तरांना सांगा, अर्ज द्या. प्रयोग करायला परवानगी मिळावी म्हणून. आजच्या तारखेचा. मागची तारीख घालाल तर मी फाडून टाकीन.” मग आणखी एक वेफर उचलून म्हणाले, “आणि आधीच विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“आधी विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं, साहेब.”

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. “म्हटलं असतं,” ते म्हणाले.

त्या एका उत्तरासाठी मी त्यांना बरंच माफ केलं. तुम्ही मोठे झाल्यावर बघाल, माणसं चुकीची असली तरी नेहमी वाईट नसतात. आणि कौतुक वाट्याला आलं की कधीकधी चांगलंही वागतात. भाऊंच्या कामाचं कौतुक साहेबांनी घेतलं याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. एकदा चारचौघांत स्वतःचं म्हटल्यावर ते आता त्यावर कारवाई करणार नव्हते, एवढंच मला दिसत होतं.

मी भाऊंना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, “मग हजेरीपट कधी मिळेल?”

तो चैत्राच्या पहिल्या आठवड्यात मिळाला. कापडात गुंडाळलेला, वर लाख. आत शेऱ्याच्या रकान्यात हिरव्या शाईने लिहिलं होतं, “प्रयोग म्हणून मान्य.” खाली साहेबांची सही. एकही नाव कमी झालेलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी मी मुद्दाम गेले. आदल्या दिवशी दोन ट्रक आले होते. चिंचेखाली पंधरा-वीस मुलं बसली होती. हातांना उसाच्या पात्यांचे बारीक ओरखडे, केसांत अजून धूळ. भाऊंनी हजेरीपट उघडला आणि पहिलं नाव घेतलं. एक मुलगी उठली. दुसरीतली असेल. भाऊंनी बोटाने आकडा शोधला.

“तेवीस.”

तिने पुस्तक उघडून तेविसावं पान काढलं, त्यावरचं चित्र नीट बघितलं, आणि त्यावर तळहात ठेवून म्हणाली, “आठे.”

इथेच, असं ती म्हणाली. भाऊंनी तिच्या नावापुढे एक उभी रेघ ओढली आणि पुढचं नाव घेतलं.