पाणी पिली की बसती

भाद्रपदात धरण भरलं, की केराबाईच्या टेकाडाला चारी बाजूंनी पाणी लागायचं ते माघात उतरायचं. करमाळ्याच्या अंगाला उजनीचं पाणी असं बोटं घातल्यागत आत आत शिरलंय. खालची जमीन धरणात गेली, वरचं एवढं टेकाड राहिलं. त्यावर पत्र्याचं घर, चार बाभळी, चाळीस शेरडं, केराबाई, तिचा नवरा शहाजी आणि दहावीतली पोरगी प्रियंका. समोरच्या काठावरचं गाव उघड्या डोळ्यांनी दिसायचं. कुणाच्या चुलीतनं धूर निघाला तेही कळायचं. शाळेची घंटा ऐकू यायची. जायचं मात्र अजिनाथच्या होडीनं.

अजिनाथ मासे धरणारा. माणूस वाईट नव्हता, पण त्याची जाळी आधी आणि माणसं मागून. पाण्यात पडतो म्हणून फोन घरी ठेवून जायचा. मग प्रियंका दप्तर पाठीला लावून काठाच्या दगडावर उभी राहायची आणि हाळी द्यायची, "ओऽ अजिनाथकाकाऽ." कधी दुसऱ्या हाळीला यायचा, कधी दुपारी. सहामाहीच्या गणिताच्या पेपराला तर आलाच नाही. त्या दिवशी पोरगी घसा बसेस्तोवर ओरडली, घरात आली आणि दप्तर कोपऱ्यात टाकून म्हणाली, "आये, मी आता कुणाला हाळी देनार न्हाय. शाळा गेली उडत."

केराबाई शेळीची धार काढत होती. हात न थांबवता म्हणाली, "नगं देऊ. आपली होडी घिऊ."

"होडीतलं तुला काय कळतंय?" शहाजी म्हणाला.

"शेरडातलं तरी तुमाला कुटं कळतंय? निभतंयच की."

बोलली ते खोटं नव्हतं. आसपासच्या गावांत जनावर पारखावं तर केराबाईनंच. बाजाराला निघालेली माणसं तिला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून न्यायची. ती शेळीचे दात बघायची, कण्यावरून अंगठा फिरवायची, पोटावर थाप मारून कान द्यायची. आत डबडब वाजलं की पदर खोचून उठायची. मीठ चारून पाणी पाजलेलं जनावर बाजारात गरगरीत दिसतं आणि घरी आणलं की दोन दिवसांत बसतं. बसलेलं शेरडू पुन्हा उठत नाही. हे तिला बापानं शिकवलेलं. आणखी एक शिकवलेलं, की व्यापारी ज्याची तारीफ करील त्याकडं पाठ करायची.

गावाच्या खालच्या अंगाला गैबीसाब जुन्या होड्या नीट करून विकायचा. उमेदीची वर्षं त्यानं सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर काढली होती. आता तिथल्या डागी चादरी आणून तो होड्यांची शिडं शिवायचा. वारं भरलं की पाण्यावर मोराच्या नक्षीची चादर फुगलेली दिसायची आणि माणसं म्हणायची, गैबीसाबचं अंथरूण निघालं.

त्याच्याकडं दोन होड्या होत्या. एक बाभळीखाली पालथी पडलेली, करडी, उन्हानं फळ्या फाकलेली. दुसरी पाण्यात बांधलेली, डांबरानं काळीभोर, काठाला हिरवा रंग.

केराबाईनं पालथीच्या पाठीवरून अंगठा फिरवला, मग वाकून आतून बघितलं. फटीतनं उजेड येत होता.

"गैबीसाबभाई, हिच्यातनं तर आभाळ दिसतंय की."

"दिसू द्या. सागवान हाय, एक फळी कुजलेली न्हाय. शीड पन देतो हिच्याबरुबर. सा म्हैनं उनात पडलीया म्हनून सुकली. तीन दिस पानी पिली की बसती मंग."

केराबाई सरळ उभी राहिली. "बसती?"

"बसती म्हंजे? अशी बसती की इचारू नका."

तिनं शहाजीकडं बघितलं. शहाजी आभाळाकडं बघत होता.

"आन ही काळी?"

"ती माजी न्हाय. दुसऱ्यानं इकायला लावलीया. तिच्याबद्दल मी काय बोलत न्हाय, ताई. रंगावर जाऊ नका एवडंच."

झालं. एकीची तारीफ, दुसरीची नालस्ती, आणि वर स्वतःच्या तोंडानं सांगतोय की पाणी पिली की बसती. असला खुळा व्यापारी केराबाईनं उभ्या जन्मात बघितला नव्हता. तिनं काळीच्या पोटावर थाप मारली. आवाज भरीव आला. सहा शेळ्या देऊन तिनं काळी सोडवली. ती निघताना गैबीसाब नुसता मान हलवत राहिला, आणि तेही तिला व्यापाऱ्याचं नाटकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रियंका वेणी घालून, कुणाला हाळी न देता होडीत बसली. शहाजीनं वल्हं मारलं. निम्म्यावर गेल्यावर पोरीच्या चपला ओल्या झाल्या. केराबाईनं खाली हात घातला, तर डांबराचा पापुद्रा भाकरीच्या पापुद्र्यागत सुटून हातात आला आणि त्याच्याखालचं लाकूड बोटानं उकरलं गेलं.

"फिरवा मागं," ती म्हणाली.

"शाळा जवळ हाय आता," प्रियंका म्हणाली.

"शाळा जवळ हाय, तळ त्येच्यापेक्षा जवळ हाय. डबा रिकामा कर."

पोरीनं डब्यातली भाजी-भाकरी पाण्यात टाकली आणि डब्यानं पाणी उपसत राहिली. काळी होडी टेकाडाच्या काठाला लागली आणि कमरेएवढ्या पाण्यात निवांत खाली गेली. शाळेची घंटा झाली. तिघांनीही ऐकली.

सांजेला अजिनाथ जाळी काढून येताना टेकला. बुडालेल्या होडीचा हिरवा काठ बघून म्हणाला, "वैनी, सागवानी सोडून हे कुजकं कशाला उचललं?"

"ती बसनार हुती. त्योच म्हनला की."

अजिनाथला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो हसायला लागला, मग तिचं तोंड बघून आवरला. "आवं, फळ्या बसत्यात. लाकूड पानी पिऊन फुगतं, फटी मिटत्यात, होडी घट हुती. त्येला बसनं म्हनत्यात आमच्यात."

केराबाईनं पाण्यातल्या हिरव्या काठाकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, "हाय का आजून?"

"गेली. गुरप्पा घिऊन गेला दुपारी, पल्याडचा. त्येचं बिऱ्हाडच पान्यावर असतंय की म्हैना म्हैना. बायकापोरं, चूल, कोंबड्या, सगळं होडीत."

पौषात पूर्वपरीक्षा होती. पाणी माघात उतरणार होतं. शहाजीनं काळीच्या फळ्या उपटून शेरडांच्या वाड्याला ठोकल्या. तेवढ्याला त्या बऱ्या होत्या.

पाचव्या दिवशी सकाळी वारं सुटलं आणि लांब पाण्यावर मोराची चादर फुगलेली दिसली. सागवानी होती. आत बाई बसलेली, दोन पोरं, चुलीचा धूर. कोरडीठाक चालली होती. प्रियंका उंबऱ्यात बसून बघत राहिली. दप्तर कोपऱ्यातच होतं. होडी बुडाल्यापासून तिनं त्याला हात लावला नव्हता.

केराबाईनं दप्तर उचललं, पोरीच्या मांडीवर ठेवलं आणि काठाच्या दगडावर जाऊन उभी राहिली. उभ्या आयुष्यात तिनं माणसाला कधी हाळी दिली नव्हती. दिली ती शेरडांना, आणि ती यायची. तिनं तोंडाशी दोन्ही हात धरले.

"ओऽ अजिनाथभावजीऽ."

पाण्यावर कुणी हललं नाही. तिनं पुन्हा दिली. मग पुन्हा. घंटा होईस्तोवर तिचा घसा बसला होता.