सरांच्या अंगणातली छत्री

मी आर्किटेक्ट झालो तो आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांमुळे. घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. दहावीनंतर वडील मला चुलत्यांच्या वेल्डिंगच्या दुकानात घालणार होते. सर एका संध्याकाळी घरी आले, चहा घेतला आणि वडिलांना म्हणाले, "याची रेघ सरळ आहे. दोन वर्षं माझ्यावर सोडा." वडिलांनी सोडलं. आज मी बहरीनमध्ये, सनाबिसच्या एका ऑफिसात बसून घरांचे नकाशे काढतो.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. सरांच्या चित्रकलेच्या खोलीत भिंतीवर रद्दीत आलेल्या कुठल्याशा परदेशी मासिकाचं एक पान डकवलेलं होतं. डेन्मार्कच्या एका आर्किटेक्टने आपल्याच देशात बांधलेली बैठी घरं. पिवळ्या विटांची, उतारावर एकमेकांना खेटून असलेली. प्रत्येक घर काटकोनात वळलेलं आणि उरलेल्या दोन बाजूंना भिंती घालून आत केलेलं चौकोनी अंगण. रस्त्याच्या बाजूला खिडक्या जवळजवळ नाहीतच.

"रस्त्याकडं पाठ करून बसलंय बघ घर," सर म्हणायचे. "पण रुसलेलं नाही. आत गेलास की बोलतंय."

सरांची एक रीत होती. कागदावर नकाशा पुरा झाला की तो शाळेच्या मैदानात चुन्याच्या फक्कीने खऱ्या मापात आखायचा आणि त्या पांढऱ्या रेघांमधून चालून बघायचं. दार असेल तिथूनच आत जायचं. कुणी रेघ ओलांडली की सर ओरडायचे, "भिंतीतनं गेलास की रं! डोकं फुटलं असतं." आम्ही हसायचो. पण खोली लहान झाली की मोठी, हे मला अजूनही आधी पायांना कळतं.

गेल्या वर्षी सुट्टीत बायकोला आणि मुलीला घेऊन मी ती घरं बघायला डेन्मार्कला गेलो. आधी त्याच आर्किटेक्टचं एक चर्च पाहिलं. बाहेरून ते अगदी धान्याच्या कोठारासारखं दिसतं. बायको फाटकाशीच थांबली. "हे गोडाऊन बघायला आपण विमानानं आलो? सोलापूरला मार्केट यार्डात फुकट दाखवलं असतं मी." आत गेल्यावर मात्र ती पहिल्याच बाकावर बसून वर बघत राहिली. वर पांढरं छत लाटांसारखं वाहत गेलेलं, आणि उजेड कुठून येतो ते दिसतच नव्हतं. मुलीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते. ती मान वर करून हळूच म्हणाली, "क्लाऊड्स, बाबा."

दुसऱ्या दिवशी ती पिवळी घरं. भिंतीवरच्या पानातली, खरीखुरी. एका बुटक्या भिंतीवरून आत एक आजीबाई दिसल्या. अंगणात खुर्ची टाकून विणत होत्या. ऊन सरकलं की त्या उठायच्या, खुर्ची उन्हात ओढायच्या आणि पुन्हा बसायच्या. मी तिथे उभा राहून सरांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "पाय लागले का आत?" नव्हते लागले, कुणाच्या घरात कसं शिरणार? पण मला फार धन्य वाटलं होतं.

परत आल्यावर सरांचा फोन. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आता कुठे गावाबाहेर छोटा प्लॉट घेतला होता. "जन्मभर भाड्याच्या खोल्या झाल्या. एकच घर बांधणार. तूच काढ."

मी महिनाभर त्याच नादात होतो. घर काटकोनातच काढलं. उत्तरेला रस्ता होता, म्हणून एक बाजू उत्तरेला, पाठ रस्त्याकडे. दुसरी पूर्वेला. अंगण दक्षिण-पश्चिमेला मोकळं, थेट त्या पानातल्यासारखं. नकाशा पाठवला. सर म्हणाले, "झकास."

चैत्रात सरांनी फोटो पाठवला. प्लॉटवर फक्कीने पूर्ण घर आखलेलं आणि अंगणाच्या चौकोनात सर खुर्चीवर बसलेले. खाली लिहिलं होतं, "बसून बघतोय. पुढच्या आठवड्यात पाया खणायला घेतो." मी तो फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवला.

त्या शुक्रवारी दुपारी जेवणानंतर मुहर्रकला चहाला गेलो होतो. मी राहतो त्या बुसैतीनहून पाच-दहा मिनिटं. तिथल्या जुन्या गल्लीत एक म्हातारा बहरीनी दुकानदार दाराबाहेर खुर्ची टाकून बसतो. माझी ओळख आहे. बोलता बोलता तो उठला, खुर्ची उचलली आणि भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा.

"क्या हुआ, हाजी?" मी विचारलं.

"धूप आया, मैं गया. खलास," तो म्हणाला.

मी हसलो, आणि हसता हसता हातातला कप तसाच राहिला. डेन्मार्कच्या आजीबाई खुर्ची उन्हात ओढत होत्या. हा माणूस उन्हातून काढत होता. मी मोबाईल काढून सरांचा फोटो पुन्हा पाहिला. सरांच्या डोक्यावर छत्री होती. काळी, उघडलेली. इतक्या लोकांना दाखवला होता तो फोटो, पण छत्री मला एकदाही दिसली नव्हती.

बहरीनमध्ये मी काढतो त्या व्हिला चोवीस तास एसीवर चालतात. ऊन कुठून येतं हा प्रश्न मी कधीचाच दुसऱ्या इंजिनिअरच्या टेबलावर सरकवला होता. तिकडच्या थंड देशात ऊन धरून ठेवायला केलेलं अंगण मी जसंच्या तसं सोलापूरच्या वैशाखात नेऊन ठेवलं होतं.

तिथूनच सरांच्या घरी फोन लावला. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, उचलला. सर प्लॉटवर गेले होते.

"काकू, पाया खणला का?"

"सोमवारी माणसं येणार आहेत. का रे?"

"सर छत्री घेऊन का बसतात?"

"ऊन लागतं म्हणून. रोज जातात, तासभर भाजून घेतात. मी म्हटलं, त्याला सांगा की. तर म्हणतात, पोरानं एवढ्या मनापासून काढलंय, आपण टोपी घालून बसू."

"काकू, माणसांना थांबवा. मी नवीन नकाशा पाठवतो."

"थांबवते. पण तू लिहून पाठव बाबा. फोनवर ते नुसतं बरं-बरं म्हणतील आणि तेच घर बांधतील."

घरी येऊन मी नकाशा टेबलावर पसरला. एकेक खोली इकडची तिकडे करून पाहिली. मग सहज कागद उलटा फिरवला. रात्रीच्या जेवणाआधी पत्र लिहिलं, नव्या नकाशासकट त्याचा फोटो काढून काकूंच्या मोबाईलवर पाठवला आणि मूळ प्रत दुसऱ्या दिवशी कुरियरने. पत्र असं होतं:

"आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

तुमच्या घराचा नकाशा मी चुकीचा काढला. फक्कीच्या अंगणात बसलात त्या पहिल्याच दिवशी तुम्हाला ते कळलं होतं, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत. शाळेत भिंतीतून गेलो तर तुम्ही ओरडायचात. आताही ओरडा. मी परदेशात राहतो म्हणून सवलत देऊ नका.

मी ते घर भिंतीवरच्या पानातून काढलं, तुमच्या जमिनीतून नाही. आता तोच नकाशा उलटा फिरवला आहे. खोल्या दक्षिणेला आणि पश्चिमेला. दुपारचं ऊन त्या पाठीवर घेतील आणि अंगणात सावली पडेल. सकाळचं ऊन मात्र येईल, तुम्हाला पेपर वाचायला.

यात एक गोष्ट जाते. अंगण रस्त्याच्या बाजूला आलं, म्हणून घर आता रस्त्याकडे पाठ करून बसणार नाही. येणारा माणूस आधी तुमच्या अंगणातच येईल. तुमच्याकडे पोरं ज्या संख्येने येतात, ते बघता हेच बरं वाटतं. काकूंना सांगा, स्वयंपाकघर आपोआप आग्नेयेला आलं. मी मुद्दाम केलं असं सांगितलंत तरी चालेल.

जुनी फक्की पुसून नवी आखा. दुपारी तीन वाजता, पश्चिमेच्या भिंतीच्या जागी चादर धरायला दोन माणसं उभी करा आणि तिच्या सावलीत बसून बघा. फोटो पाठवा. छत्री घरी ठेवा.

तुमचा विद्यार्थी"