आक्काच्या नावावर

आक्का गेल्याचा फोन मिरजेहून आला, तेव्हा मी पलूसच्या बाजारात टेम्पोत माल भरून घेत होतो. त्याला सव्वा महिना झाला. त्या टेम्पोची मला आता शिसारी येते... पण पोट त्याच्यावरच आहे, म्हणून चालवतो.

आक्का माझी थोरली बहीण. मिरजेच्या एका दवाखान्यात पंचवीस वर्षं नर्स. लग्न केलं नाही, भाड्याच्या एका खोलीत राहिली. घरात कुणालाही कर्ज लागलं की ते पगारदार आक्काच्या नावावर काढायचं, ही आमच्याकडची रीतच. ‘हप्ते आम्ही भरतो’ म्हटलं की झालं. माझ्या टेम्पोचं कर्जही तिच्याच नावावर. हप्ता मी भरायचो, पण कधी दहा दिवसांनी, कधी महिन्यानं. बुडवला मात्र नाही, असा वर तोरा मिरवायचो. थू त्या तोऱ्यावर.

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिनं मिरजेत दोन खोल्यांचा फ्लॅट पाहिला. जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी कर्ज मागितलं, आणि बँकेनं पत खराब म्हणून परत पाठवलं. वर्षातून एकदा फुकट मिळतो तो स्वतःचा पत-अहवाल तिनं काढून घेतला, मला बोलावलं. रुग्णाचा केसपेपर वाचावा तशी लाल पेन घेऊन एकेक ओळ वाचत होती. कुठल्या महिन्यात हप्त्याला किती दिवस उशीर झाला, सगळं छापलेलं. उशीर माझा, नाव तिचं. शिवाय टेम्पोचं फिटलेलं कर्ज अजून चालूच दाखवत होते, कारण कर्ज फिटल्याचा, बेबाकीचा दाखला आणायचे कष्ट मी घेतले नव्हते.

“सगळं फेडलंय की गं आक्का,” मी म्हणालो.

“पैसं फेडलंस रं,” पेनाला टोपण लावत ती म्हणाली, “उशीर कसा फेडणार?”

ओरडली असती तर बरं झालं असतं... पुढं तिनंच खेटे घालून दाखला मिळवला, तक्रार करून चूक दुरुस्त करून घेतली. एक लहानसं कर्ज काढून हप्ते तारखेच्या आधी भरत राहिली. दीड वर्षात अहवालातला पत-आकडा चढला, बँक हो म्हणाली. सह्या करायला सोमवारी जायचं होतं. शनिवारी ती ड्यूटीवरच कोसळली.

तेराव्याला जो तो म्हणत होता, आक्कानं कधी कुणाला न्हाई म्हटलं न्हाई. हे बोलत बुंदी वाढून घेत होते. मला किळस आली, त्यांची आणि त्यांच्यात बसलेल्या माझी. पंगत उठायच्या आत चुलतभाऊ माझ्या पोरीजवळ सरकला. ती नुकतीच नर्स म्हणून लागलीय.

“तुज्या पगारावर एक बारकं कर्ज काढू या का? हप्तं मी भरतो.”

पोरगी म्हणाली, “न्हाई काका.” मी पत्रावळीत बघत राहिलो. तेवढंही माझ्याच्यानं बोलवलं नाही.

आक्काच्या सामानातला तो अहवाल पोरीनं मागून घेतला, स्वतःच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. परवा मी तो नीट वाचला. उशिराच्या प्रत्येक ओळीपुढं आक्कानं लाल अक्षरांत कारण लिहिलंय. ‘पोरीला ताप.’ ‘गाडी बंद.’ ‘पाऊस, भाडं न्हाई.’ माझ्या बाजूनं तीच लिहीत बसली होती.

शेवटच्या तीन ओळींपुढं मात्र काहीच नाही. त्या तीन महिन्यांत माझ्याकडं पैसे होते.