चमच्याची खूण

ओकोआ गावात कुणाच्या मोटारसायकलचे पुढचे शॉकअप गळायला लागले की तो सरळ नूरिसच्या आंब्याखाली जाऊन उभा राहायचा. गावातले बाकीचे मेकॅनिक तिच्यावर जळत, पण स्वतःच्या गाडीचं ऑइल सील, म्हणजे शॉकअपमधलं तेल अडवणारी रबरी कडी, गेलं की तेही मान खाली घालून तिच्याकडेच येत. नूरिस त्यांना बरी सोडेल! "या या, उस्ताद! रस्ता चुकलात वाटतं?" असं म्हणत ती आधी कॉफी पाजायची आणि मग गाडी स्टँडवर चढवायची.

तिच्या कामाची रीत ठरलेली. चाक काढायचं, शॉकअपचे दोन्ही पाय सोडवायचे, काळं पडलेलं तेल डब्यात ओतायचं. मग जुनं सील उपटायला हत्यार कुठलं, तर जेवणाचा चमचा. ज्या चागोमामाने तिला हा धंदा शिकवला, त्यानेच चमच्याचा दांडा वाकवून, घासून त्याची आकडी केली होती. त्या आकडीने सीलच्या काठावर नखाएवढी चंद्रकोर उमटायची. नवं सील चढवताना ती शॉकअपच्या नळीच्या टोकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळायची, म्हणजे सीलचा नाजूक ओठ फाटत नाही. आणि ठोकताना नव्यावर जुनं सील ठेवायची, म्हणजे हातोडीचा मार जुन्याला बसतो. "म्हाताऱ्याने मार खायचा, पोराने संसार करायचा," ती हसून सांगायची.

नवी सिलं आणून द्यायचा लेओन्सिओ. राजधानीतून सुटे भाग आणून डोंगरातल्या गावागावांत विकणं हा त्याचा धंदा. नूरिसच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पाळकासमोर मुलीला हातावर घेऊन उभा राहिला होता तो हाच. त्या दिवसापासून तो मुलीचा धर्मपिता आणि नूरिसचा कोंपाद्रे झाला, नूरिस त्याची कोमाद्रे. लहानपणी एकमेकांना चिखल फासलेली ही दोघं तेव्हापासून एकमेकांना तुम्ही म्हणू लागली. नूरिसचा नवरा न्यूयॉर्कला गेला तो गेलाच. वादळात घरावरचे पत्रे उडाले तेव्हा लेओन्सिओ न बोलावता शिडी घेऊन आला होता. सख्ख्या भावाने केलं नाही ते या माणसाने केलं, असं नूरिस चारचौघांत सांगायची.

दर शनिवारी तो यायचा, नव्या सिलांची पिशवी द्यायचा, उकडलेली केळी आणि तळलेलं सलामी पोटभर खायचा आणि जाताना जुनी सिलं डब्यात भरून न्यायचा. चर्चच्या जत्रेत पोरं बाटलीवर कड्या फेकतात, त्यांना द्यायला. नूरिसला याचं फार कौतुक. पोरांच्या हाताला तेल लागू नये म्हणून ती जुनी सिलं साबणाने खसाखसा धुऊन ठेवायची.

पावसाळा सरला आणि काहीतरी बिनसलं. तिने बसवलेली सिलं महिन्याभरात गळायला लागली. ती फुकटात पुन्हा बसवून देई, तीही गळत. भाड्याने मोटारसायकली चालवणाऱ्यांच्या थांब्यावर डॉमिनो खेळता खेळता पोरं खिदळायची, "नूरिसकडे जातोयस? मग खाली परात बांधून ये." ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. घरी आल्यावर मात्र दिव्याखाली आपली बोटं निरखत बसायची. डोळे गेले की हात गेला, तिला कळेना. कुणाला विचारावं तर कोंपाद्रेला. तो म्हणाला, "वय होतंय, कोमाद्रे. थोडं सांभाळून ठोका."

आणि मग केल्विन पडला. हा थांब्यावरचा सगळ्यात सरळ पोरगा. शॉकअपमधलं तेल ओघळून पुढच्या ब्रेकच्या तबकडीवर गेलं, उतारावर ब्रेक लागलाच नाही. तो खरचटण्यावर निभावला, पण मागे शाळेतल्या मास्तरीणबाई बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो गाडी ढकलत आंब्याखाली आला.

"मी तुम्हाला काही बोलत नाही, नूरिसताई. पण बाईंच्या खांद्याचं हाड मोडलंय."

यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नूरिसने शॉकअप उघडला, चमच्याने सील काढलं, पिशवीतलं नवं घेतलं. ठोकण्यासाठी नव्यावर जुनं ठेवलं, आणि तिचा हात हवेतच थांबला. जुन्याच्या काठावर चंद्रकोर होती. नव्याच्याही काठावर होती, ठोकून सपाट केलेली, पण होती. पेट्रोलच्या बोळ्याने तिने नवं सील पुसलं. बोळ्यावर बुटांचं काळं पॉलिश उतरलं. पिशवीतली बाकीची तिने एकेक करून पुसली. सगळ्यांवर तिच्याच चमच्याची खूण होती.

तिने उपटलेली, तिनेच साबणाने धुतलेली सिलं तिलाच परत विकली जात होती.

तरीही तिचं मन मानेना. जत्रेतून कुणीतरी ती उचलून राजधानीत विकत असेल, कोंपाद्रे बिचारा तिथे फसत असेल. शिडी घेऊन आलेला माणूस असं करेल का? ती दिवसभर स्वतःला हेच सांगत राहिली. दुसऱ्या दिवशी बस धरून बानीला गेली, तिथल्या दुकानातून खात्रीची सिलं घेऊन आली आणि आधी केल्विनची गाडी नीट करून दिली.

शनिवारी लेओन्सिओ आला, बायकोला, मिरेयाला, मोटारसायकलवर मागे बसवून.

"कोंपाद्रे, तुमचेही शॉकअप घामेजलेत की," नूरिस म्हणाली.

"राहू द्या हो. बघीन मी नंतर."

"राहू कसं द्या? एवढा घाट उतरायचाय. तुम्ही दोघं जेवून घ्या, तोवर होतंय."

जेवून, ढेकर देत तो बाहेर आला तेव्हा गाडी पुसूनबिसून तयार होती. "वा! कुठली घातलीत?"

"कुठली म्हणजे? तुमचीच. गेल्या शनिवारी दिलीत ती."

मिरेया घागरा सावरून मागे बसतच होती. लेओन्सिओने तिचा दंड धरला. "थांब. उतर."

"का? काय झालं?"

"उतर म्हणतोय ना! चालत जाऊ."

"घाटातून चालत? डोकं फिरलंय का तुझं? आत्ता तर नवीन सिलं घातली त्यांनी!"

नूरिस चमचा हातात धरून उभी होती. त्याने फक्त गाडीवर बसावं, किक मारावी आणि नेहमीसारखा हात हलवून निघून जावं, एवढंच तिला हवं होतं. ती मनातल्या मनात अल्ताग्रासियाच्या मातेला हेच मागत होती.

"बसा ना, कोंपाद्रे," ती म्हणाली.

त्याने पायाने स्टँड वर सारला, पण बसला नाही.

"मास्तरीणबाईंना बसू दिलंस," नूरिस म्हणाली. "आणि बायकोला उतर म्हणतोस?"

लेओन्सिओ हँडल धरून गाडी ढकलत चालू लागला. मिरेया दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली आणि मग चपला फटफटवत त्याच्या मागे धावली.

नूरिस मटकन स्टुलावर बसली आणि तोंडात पदर कोंबावा तसा तेलकट बोळा कोंबून रडली. खराब सील जाणूनबुजून कुणाच्या गाडीत, अगदी त्याच्याही गाडीत, बसवणं तिच्याच्याने झालं नव्हतं. लेओन्सिओच्या शॉकअपमध्ये तिने बानीहून आणलेली कोरी सिलं घातली होती. मिरेयाला मागे बसवून तो बेलाशक घरी गेला असता.