अबू वासिफचं नाक

नाब्लुसच्या जुन्या बाजारातल्या त्या साबणखान्यात काहिलीखालचा जाळ कधी काढायचा, हे अबू वासिफचं नाक ठरवायचं. उकळत्या साबणात लाकडी काठी बुडवायची, नाकाशी धरायची आणि म्हणायचं, "झाला." ही विद्या त्याने कंजुषासारखी जपली. त्याच्या हाताखालचा कामगार शुक्री साबण ढवळता ढवळता पिकला, पण त्याने काठी मागितली की एकच उत्तर मिळे, "तू ढवळ. हुंगायला मी मेलो नाही अजून."

मग हिवाळ्यात ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाकातला वास घेऊन गेला. अबू वासिफने लाजेपोटी कोणाला पत्ता लागू दिला नाही. अंदाजाने काढलेल्या एका घाण्याचा भुगा झाला, दुसरा ओलाच राहिला. मालक म्हणाला, "आणखी एक बिघडला तर चूल बंद. साबणाचा तयार लगदा विकत आणू."

पुढच्या घाण्याला अबू वासिफने काठी शुक्रीच्या हातात दिली. उस्ताद शेवटी शिकवतोय, म्हणून शुक्रीला आभाळ ठेंगणं झालं.

"कसला वास येतोय?"

"साबणाचा, उस्ताद."

"अरे गाढवा, कच्च्याचा की शिजलेल्याचा?"

"कच्चा कसा असतो ते कधी हुंगू दिलंत?"

वास समजावून सांगावा, तर त्यासाठी शब्द अबू वासिफकडे कधीच नव्हते. शुक्री पुन्हा पुन्हा काठी बुडवत राहिला. संध्याकाळी तो ओरडला, "आला! उस्ताद, हाच ना?" आणि काठी म्हाताऱ्याच्या नाकाशी धरली.

नाकाला गरम वाफ लागली. बाकी काही नाही. तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं बिचाऱ्याने.

"हाच," तो म्हणाला.

साबण घट्ट झाला. मालक खूश, चूल वाचली. वड्या वाळल्यावर पहिली वडी अबू वासिफने घरी नेली. उम्म वासिफने, त्याच्या बायकोने, हात धुतले, हुंगले आणि ती थबकली.

"फेस छान आहे. पण हा तुमचा साबण नाही हो, अबू वासिफ."

"शुक्रीने काढलाय."

"शुक्रीला सांगा ना, काय चुकलं ते. शिकेल तो."

"शिकलाय. हाच वास, असं मीच सांगितलंय त्याला."

"आणि तुम्हाला कळलं नाही?"

अबू वासिफने तिचे ओले हात ओढून नाकाशी घट्ट धरले आणि तो हमसून रडू लागला.