बोंबलाशेजारी वाळवलेला सेल

मोतीरामला होडी लागायची. मच्छीमाराच्या पोरानं भर समुद्रात ओकावं, यापरती नाचक्की आमच्या डहाणूच्या आळीत दुसरी नव्हती. अठ्ठावन्न साली तो फिरत्या तंबू-टॉकीजमध्ये ऑपरेटर झाला आणि पहिल्यांदा ताठ मानेनं चालू लागला. ती मान खाली जाऊ नये, एवढंच त्याचं मागणं.

तंबू आमच्या शेजारीच, मसोलीला असताना मशीनचा फोटोसेल गेला. ही एक काचेची नळी असते. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते; तिच्यातून येणारा उजेड नळीतल्या मुलाम्यावर पडला की वीज सुटते आणि कर्ण्यातून आवाज निघतो. सगळी करामत त्या मुलाम्याची. मालकानं मुंबईहून स्वस्तातला सेल आणला. म्हणाला, "सेल म्हणजे सेल." तो बसवला आणि नायिका घसा बसल्यासारखी कुजबुजायला लागली. शिव्या पडल्या त्या मोतीरामला.

त्याला वाटलं, खाऱ्या हवेनं सेलला ओल धरली. आमच्याकडे ओलीवर औषध एकच, ऊन. देवकी, म्हणजे त्याची बायको, वलांडीवर, मासळी सुकवायच्या दोरीवर, बोंबील वाळत घालत होती. शेजारीच यानं सेल टांगला. दिवसभर. दुसऱ्या दिवशी कर्णा ठार मुका.

मुंबईचा मेकॅनिक आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "मुळात सेलच चुकीचा आणलाय. याचा मुलामा निळसर उजेडावर चालणारा, तुमचा दिवा पिवळा. आवाज दबकाच येणार. आणि उरलासुरला मुलामा उन्हानं खाल्ला."

पहिलं वाक्य हवेत विरलं. निळ्यापिवळ्यात कोणाला गंमत? बोंबलाबरोबर सेल वाळवला, ही गोष्ट मात्र पार बोर्डीपर्यंत हसत हसत गेली. मालकानंही तेवढीच उचलली आणि मोतीरामला काढून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! संन्यासी थोडा खुळा होता, कबूल. पण चोराला कोणी चोर म्हटलंच नाही, याचा मला आजही संताप येतो.

मालकानं मग गुपचूप चांगला, महागाचा सेल आणून बसवला. आवाज असा खणखणीत, की तंबूबाहेरही शब्द न् शब्द कळावा. मोतीरामची आई, पुतळी, तंबूतला खेळ बघून आली. दारात तो जाळं सांधत बसला होता. परत होडीवरच जात होता.

"बघ, तू सुटलास नि मशीन कशी बोलाया लागली," ती म्हणाली.

देवकीनं तोंड उघडलं, पण त्यानं तिला हातानं थांबवलं.

"व्हय आये," तो म्हणाला. "माझाच हात वाईट."