रूथच्या शेतातले रिकामे ठसे

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आलोय. आमच्या नागपूरच्या घरात कोणी साधी पत्रिका काढली नाही. वडील फिजिक्स शिकवायचे, आणि माझ्या लग्नाचा मुहूर्त हॉल कधी रिकामा आहे त्यावर ठरला. मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. समोरचा "आपोआप झालं" म्हणाला, की "आपोआप काही होत नसतं, स्टेप्स सांग" असं म्हणायचे मला पैसे मिळतात. त्यामुळे खाली लिहितोय त्याच्या स्टेप्स मी शंभरदा तपासल्यात. शिवाय यात मी काही फार चांगला दिसत नाही... तरी लिहितो.

आम्ही ओहायोत डब्लिनला राहतो, कोलंबसच्या शेजारी. चार वर्षांपूर्वी मला मेटल डिटेक्टिंगचा नाद लागला. एक दांडा, त्याच्या टोकाला तबकडी, कानाला हेडफोन. तबकडी जमिनीवरून फिरवायची, खाली धातू असला की आवाज येतो. लोखंड घुरघुरतं, कॅनची रिंग मधल्या पट्टीत वाजते, आणि चांदी... चांदीचा आवाज उंच, स्वच्छ, एकदा ऐकला की विसरत नाही. इथली दहा आणि पंचवीस सेंटची नाणी साठच्या दशकापर्यंत चांदीची असायची. सगळे त्यांच्याच मागे असतात, कारण चांदी शंभर वर्षं मातीत राहूनसुद्धा पांढरीशुभ्र निघते.

पण त्यासाठी जुनी जागा लागते. मग गावाबाहेरच्या शेतघरांची दारं ठोठावायची. दाढीवाला देशी माणूस, गाडीच्या डिकीत फावडं, आणि विचारतोय काय, तर तुमच्या शेतात खणू का? दहा-अकरा दारं तोंडावर बंद झाली. मग रूथ भेटली. ऐंशीच्या पुढची, एकटी, प्लेन सिटीच्या पलीकडे तिचं शेत. शेताच्या एका कोपऱ्यात पूर्वी एका खोलीची शाळा होती, ती पाडून त्यावर आता नुसतं गवत. म्हणजे पोरांच्या खिशातून पडलेली नाणी! तिची अट एकच, खड्डे बुजवायचे. ती जागा मी मिळवली होती, हे लक्षात ठेवा. मी तर एक मिनिटही विसरलो नाही.

सबनीस काका म्हणजे आमच्या मराठी मंडळातले सगळ्यात जुने. भूलतज्ज्ञ होते, सत्तरच्या दशकात आले, आता चौऱ्याहत्तरचे. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. माझी बायको वृषाली त्यांना डबा पाठवायची. मार्चमध्ये ती म्हणाली, शनिवारी जातोस तर काकांना ने ना, मोकळ्या हवेत बरं वाटेल. मी आनंदानं नेलं. माझं जुनं मशीन दिलं, आवाज ओळखायला शिकवले, माती कशी अलगद कापायची ते दाखवलं.

पहिल्या शनिवारी मला पाच तासांत कॅनच्या रिंगा आणि ट्रॅक्टरचा बोल्ट मिळाला. काका सोबत बागकामाचं छोटं स्टूल आणायचे. अर्ध्या तासात ते स्टुलावर बसले, खणलं आणि हाक मारली, "हेमंत, हे काय आहे बघ रे." चांदीची डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं. खरं सांगतो, मला मनापासून आनंद झाला. दुसऱ्या नाण्यालाही झाला. पाचव्या-सहाव्याला मी "वा काका" म्हणालो ते त्यांच्याकडे न बघता. एप्रिल संपता संपता त्यांची अकरा झाली होती आणि माझं एक, तेही झिजून गुळगुळीत झालेलं.

मी मशीन बदलून पाहिलं. माझं नवं त्यांना दिलं, त्यांचं जुनं मी घेतलं. त्या दिवशी त्यांना दोन मिळाली. मी एक पट्टा इंचाइंचानं तपासून पुढे गेलो, काका त्याच पट्ट्यातून पाय मोकळे करत मागून आले आणि वाकले. त्यांनी चांदी काढली त्या मातीवर माझ्या बुटाचा ठसा होता.

मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाला काका नाणी घेऊन आले, आठवड्याच्या गोळ्यांचा प्लास्टिकचा डबा असतो ना, त्यात. सोमवारच्या खणात दोन, मंगळवारच्या खणात तीन. भोवती ही गर्दी. आणि काका प्रत्येकाला सांगत होते, "हेमंतनं शिकवलं बरं का, जागाही त्याचीच." ते असं न सांगते तर मला सोपं गेलं असतं. घरी येताना गाडीत माझी लेक म्हणाली, "बाबा, व्हाय डोन्ट यू फाइंड एनी?" वृषाली म्हणाली, "काकांच्या हाताला यश आहे." मी रेडिओ लावला.

रूथचंही तेच. वर्षभरात माझ्याशी ती हवामानापलीकडे बोलली नव्हती. काकांसाठी मात्र दुपारी लेमोनेड घेऊन कुंपणापाशी यायची, गुडघे दाखवायची. दोघं तासभर बोलत बसायचे... आणि तरी माझ्यापेक्षा जास्त नाणी.

मेच्या मधल्या एका बुधवारी मी लंच ब्रेकला जोडून दोन तास कॅलेंडर ब्लॉक केलं आणि काकांना न सांगता एकटाच शेतावर गेलो. लख्ख ऊन होतं. शाळेच्या जागेच्या उत्तरेला कुंपणाजवळ आम्ही दोघंही कधी गेलो नव्हतो. दहा मिनिटांत आवाज आला. उंच, स्वच्छ. सगळ्या बाजूंनी फिरवलं तरी तोच.

गवताची चकती कापून उलटली. मुळं अखंड होती, आधी कोणी खणल्याची खूण नव्हती. सहा इंचांवर पिवळी चिकणमाती लागली. तिच्यात एक गोल ठसा होता.

नाणं नव्हतं.

ठसा इतका ताजा की वर ओल चमकत होती. कडेच्या रेघा, उलटी अक्षरं, बसलेल्या बाईची आकृती, सगळं स्पष्ट. आणि वरच्या कडेला मातीची एक बारीक सुळकी उभी, काडीच्या टोकाएवढी. ती कशाची ते मला लगेच कळलं. पूर्वी नाण्याला भोक पाडून बाळाच्या गळ्यात बांधत. त्या भोकात माती भरली होती. नाणं निघून गेलं, भोक मागे राहिलं.

मशीन गप्प. उकरलेली माती मी चिमटी चिमटीनं तपासली, खिसे तपासले, बूट काढून तपासले. त्या दुपारी आणखी दोन सिग्नल आले आणि आणखी दोन रिकामे ठसे निघाले. तिन्हींचे फोटो काढले. सुळकीवाला ठसा मातीच्या ढेकळासकट अलगद कापून टिफिनच्या डब्यात घरी आणला.

भीती? नाही वाटली. मला राग आला होता, आणि तो कोणावर हेही मला माहीत होतं.

शनिवारी काकांना घेऊन गेलो. कुंपणाकडे मी त्यांना जाऊच दिलं नाही, म्हटलं तिकडे पॉइझन आयव्ही आहे, त्या वेलीनं अंगाला खाज सुटते. ते निमूट दुसऱ्या टोकाला, जुन्या हातपंपाकडे गेले. मधे सहज दीडशे फूट अंतर. जेवायच्या आत त्यांनी तीन नाणी काढली. तिसरं मला दाखवत म्हणाले, "ह्याला भोक आहे रे. खराब धरायचं का?"

फोटो नीट काढून देतो म्हणून मी ते मागून घेतलं. त्यांनी दिलं. घरी गॅरेजमध्ये डबा उघडला, ढेकूळ बाहेर काढलं आणि नाणं ठशावर ठेवलं. ठेवलं म्हणण्यापेक्षा ते आपलं आपण बसलं. कडेची प्रत्येक रेघ जागेवर, आणि मातीची सुळकी भोकातून वर आलेली.

वृषालीला बोलावलं. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "काकांना दाखव."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? त्यांना माहीत नको?"

मी नाही दाखवलं. दाखवलं असतं तर ती काकांची गोष्ट झाली असती. मंडळात सगळ्यांना त्यांनीच सांगितली असती, आणि वर म्हणाले असते, हेमंतमुळे कळलं बरं का. नाणं त्यांना परत दिलं, पुढे ते ढेकूळ वाळून भुगा झालं. आता माझ्याकडे फक्त फोटो आहेत.

जूनमध्ये मी जे केलं ते वृषालीलाही हे वाचूनच पहिल्यांदा कळेल. मी काकांना सांगितलं, रूथच्या मुलानं हरकत घेतलीय, शेतात कोणी पडलं-झडलं तर इन्शुरन्सची भानगड नको, आता जायचं नाही. रूथला सांगितलं, डॉक्टरांची तब्येत बरी नसते, ते येणार नाहीत. काका फोनवर एवढंच म्हणाले, "बरं. म्हातारीला त्रास नको." मशीन परत घेऊन जा म्हणाले. मी मोठ्या मनानं म्हटलं, असू दे तुमच्याकडेच.

मग पूर्ण उन्हाळा मी एकटा. दर आठवड्याला सिग्नल आले, दर वेळी उंच, स्वच्छ. दर वेळी रिकामा ठसा. एकदा तर माती कापल्यावरसुद्धा मशीन वाजत होतं, मी फावडं टाकून हात घातला आणि बोटं पोचायच्या आत आवाज थांबला. बोटांना ठशाची गोल कड लागली. थंडगार होती. एकूण सत्तावीस फोटो झाले. चांदीचं एकही नाणं नाही.

ऑगस्टमध्ये काकांचा फोन आला, टोमॅटो फार झालेत, घेऊन जा. गेलो. डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर नाणी, बरीच. काका संकोचून म्हणाले, टोमॅटोच्या वाफ्यात निघाली. मशीन होतंच हाताशी, म्हणून फिरवलं.

त्यांची कॉलनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेली. बिल्डरनं कुठून तरी सुपीक माती आणून टाकली असेल, तिच्यातून नाणी आली असतील, हे मीच त्यांना समजावून सांगितलं. मग हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेलो आणि फोनवरचे ठशांचे फोटो पाहिले. कड चेपलेलं क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं. गालावर आडवा ओरखडा असलेली डाइम. बाहेर येऊन पुन्हा टेबलाकडे पाहिलं. तेच क्वार्टर होतं, आणि ओरखडाही त्याच गालावर.

टोमॅटोची पिशवी घेऊन मी निघालो. थँक यू म्हणायचं विसरलो.

सप्टेंबरात काकांनी घर विकायला काढलं. त्यांची मुलगी पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला असते, तिच्याकडे कायमचं जायचं ठरलं. सामान बांधायला मी आणि वृषाली गेलो होतो. ती वर बेडरूममध्ये असताना काकांनी मला किचनमध्ये बोलावलं आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा हातात दिला. आत लहान लहान कागदी पाकिटं, प्रत्येकावर त्यांच्या डॉक्टरी अक्षरात जागा आणि वार लिहिलेला.

"घे. जागा तुझी होती."

मी नको नको म्हणालो, पण डबा खाली ठेवला नाही.

मग ते चहाचे कप कागदात गुंडाळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "रूथचा फोन आला होता मध्ये. माझी तब्येत कशी आहे विचारत होती."

मी सिंकपाशी उभा होतो. काकांनी पुढचा कप घेतला.

"नाण्यांचं मला काय रे," ते म्हणाले. "शनिवारी सकाळी तुझी गाडी यायची दारात. शुक्रवारीच मी बूट पुसून ठेवायचो."

तेवढ्यात वृषाली जिन्यावरून खाली आली आणि ते तिला विचारायला लागले, मिक्सर नेतेस का.

त्यानंतर मी रूथच्या शेतावर तीनदा गेलो. ठसे बंद झालेत. सिग्नलही नाही. रिंगा, खिळे, एकदा एक चमचा. डब्यातलं प्रत्येक नाणं मी फोटोंशी लावून पाहिलं. सत्तावीसपैकी सव्वीस जुळतात. एक ठसा उरतो, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला, मोठा, अर्ध्या डॉलरचा. त्याचं नाणं डब्यात नाही.

शक्यता सगळ्या तपासल्या. कोणीतरी आधी खणून गेलं म्हणावं, तर गवताची मुळं अखंड होती. मला भास झाले म्हणावं, तर ते ढेकूळ वृषालीनं पाहिलंय. काकांनीच काही केलं म्हणावं... तर चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, गाडी चालवणं सोडलेला, त्या शेतावर पोचणार कसा? मातीखालून नाणी माझ्या हाताआधी निघून का जात होती, आणि त्यांच्याकडेच का जात होती, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. इथे कोणाला असं काही माहीत असेल तर जरूर सांगा.

गेल्या रविवारी मी काकांना फोन केला. माफी मागायची म्हणून केला होता. काय बोलायचं ते दोन दिवस मनात घोळवलं होतं. त्यांनी फोन घेतला, खूश झाले, तिकडच्या पावसाबद्दल बोलले, नातीबद्दल बोलले, वृषालीची चौकशी केली. मग थांबले. ती जागा माझीच होती बोलायची.

मी विचारलं, "काका, तिकडे काही सापडलं का? अर्धा डॉलर वगैरे?"

ते म्हणाले, "नाही रे. मशीन मी जुन्या घराच्या शेजाऱ्याला देऊन आलो. का?"

मी म्हटलं, "काही नाही. सहज."